नाच गॅदरिंगपुरता नको, वर्गात हवा

डिसेंबर उजाडला की पुण्यातल्या बहुतेक शाळांत दुपारच्या सुट्टीनंतर एकच गाणं पुन्हा पुन्हा ऐकू येतं. एक कडवं होतं, कुणीतरी चुकतं, 'चला, परत पहिल्यापासून' असा आवाज येतो आणि तेच कडवं नव्याने सुरू होतं. गॅदरिंगची तालीम. नाच बसवायला बाहेरून कुणी ताई किंवा दादा येतात. चाळीसच्या वर्गातून सोळा मुलं निवडतात. ज्यांना स्टेप चटकन जमते ती पुढच्या रांगेत, बाकीची मागे. ड्रेस भाड्याने येतात, अंगाला बसले नाहीत तर टाचण्या लावायच्या. आणि निवड न झालेली चोवीस मुलं तीन आठवडे भिंतीला टेकून बघत बसतात.

मी बावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते आहे. सुरुवातीची कितीतरी वर्षं मीही अशीच निवड केली. त्यातली एक संध्याकाळ मनातून जात नाही. तिसरीतली एक मुलगी निवडीत राहून गेली होती. तिने येऊन विचारलं, 'बाई, मी पडदा ओढू का?' मी हो म्हटलं. कार्यक्रमाच्या दिवशी मी विंगेत उभी होते. पडदा उघडल्यावर तिने दोरी एका हातात तशीच धरून ठेवली होती आणि दुसऱ्या हाताने, दोन्ही पायांनी ती अख्खा नाच करत होती. एक ठेका चुकला नाही. तीन आठवडे नुसतं बघून तिचा नाच पाठ झाला होता. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, तिचंही कुणाकडे नव्हतं. तिला नाचायचं होतं आणि ती नाचत होती.

त्या संध्याकाळपासून माझं एक मत बनत गेलं. पहिली ते चौथीच्या प्रत्येक वर्गात रोज वीस मिनिटं नाच असावा. तो वर्गातल्या सगळ्या मुलांनी करावा, वर्गशिक्षकाने घ्यावा, त्याला प्रेक्षक नसावेत आणि गुण नसावेत. अभ्यास संपल्यावरचा विरंगुळा म्हणून मी हे मागत नाही. मूल सात-आठ वर्षांचं असतं तेव्हा ते अंगाने शिकतं, आणि आपण त्याला बाकावर बसवून त्याचं शिकण्याचं मुख्य साधनच बांधून ठेवतो, असं माझं म्हणणं आहे.

कागदावर हे सगळं केव्हाच मान्य झालेलं आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेच्या अंगाने विषय शिकवण्याचा आग्रह आहे. २०२३च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कलाशिक्षणात चित्र, नाट्य, संगीत यांच्या बरोबरीने नृत्य आणि शारीरिक हालचाल आहे. आपल्या बालभारतीच्या 'खेळू, करू, शिकू' या पुस्तकातही नृत्य आहे. तरी वर्षअखेरीला वर्णनात्मक नोंदी लिहायची वेळ आली की आम्ही शिक्षक काय लिहितो? 'नृत्याची आवड आहे.' 'तालावर ठेका धरतो.' अशा तयार नोंदींच्या याद्या फोनवर फिरत असतात, त्या उतरवून घेतल्या जातात. ज्या मुलाने वर्षभरात वर्गात एक पाऊलही टाकलेलं नाही, त्याच्या नावापुढे ठेका धरल्याची नोंद होते. हे खोटं आहे, आणि ते आम्ही लिहितो याची मला लाज वाटते.

नाच वर्गात आणायचा म्हणजे नेमकं काय करायचं, ते एका तासावरून सांगते.

आमच्या वर्गात शहाबादी फरशी आहे. बाक भिंतीला सरकवले की मधे बऱ्यापैकी मोकळी जागा होते. प्रत्येकाने एकेक फरशी धरायची, ती त्याची. सगळ्यांनी पर्वतीकडे, म्हणजे दक्षिणेला तोंड करून उभं राहायचं. खिडकीतून पर्वती दिसत नाही, पण ती कुठल्या बाजूला आहे हे मुलांना पक्कं माहीत असतं. मी डफावर ठेका धरते आणि सांगते, 'उजवीकडे पाव गिरकी.' सगळे पश्चिमेला वळतात. 'अर्धी गिरकी.' 'पूर्ण गिरकी.' धमाल येते, काही जण पडतात, उठतात. मग परत पर्वतीकडे तोंड, आणि 'उजवीकडे पाऊण गिरकी.' आता वर्ग फुटतो. कुणी उत्तरेला थांबलेलं असतं, कुणी फिरून परत पर्वतीकडे आलेलं असतं, कुणी शेजारच्याकडे बघून वळतं. दोन-तीनदा केल्यावर सगळी तोंडं पूर्वेला, कॅम्पच्या दिशेला येतात.

गेल्या वर्षी याच ठिकाणी एक मुलगी थबकली. पुन्हा पर्वतीकडे वळली, डावीकडे पाव गिरकी घेतली आणि ओरडली, 'बाई, मी तिथंच आले!' उजवीकडून पाऊण आणि डावीकडून पाव, दोन्ही एकाच जागी येतात. तिने ते पायांनी शोधलं होतं. पुढची दहा मिनिटं सगळा वर्ग हेच तपासत होता. अर्ध्या गिरकीला कुठूनही गेलं तरी सारखंच, हे त्यांचं त्यांनी काढलं. काटकोन हा शब्द मी दोन दिवसांनी फळ्यावर लिहिला. तोवर तो त्यांच्या घोट्यात आणि कमरेत पोचला होता.

भाषेचं तर विचारूच नका. आपल्या मराठीत हालचालीचे किती शब्द आहेत! डुलणं, झुलणं, मुरडणं, ठुमकणं, लचकणं, सरपटणं, घरंगळणं, अडखळणं, हेलकावणं, गिरकणं. शहरातल्या मुलांच्या तोंडी यातले फार थोडे उरलेत. पुस्तकात 'दगड घरंगळत गेला' असं वाक्य आलं की ती 'म्हणजे पडला' एवढाच अर्थ लावतात. मी त्यांना फरशीवर घरंगळायला सांगते. मग सरपटायला. मग विचारते, दोन्हींत फरक काय? 'बाई, घरंगळताना आपण काही करत नाही, आपोआप होतं. सरपटताना आपल्याला जोर लावावा लागतो.' शब्दकोशात याहून नेमका अर्थ मला सापडला नाही. पावसावरची कविता आली की एक गट रिमझिम होतो, एक भुरभुर, एक मुसळधार. मुसळधार होणारी मुलं पाय आपटतात, आणि भुरभुर होणारी बोटांच्या टोकांवर येतात ती मी न सांगता.

इथे मला एक सावधगिरीची गोष्ट सांगायची आहे, कारण हल्ली कृतियुक्त शिक्षणाच्या नावाखाली भलतंच काही चालतं. कमरेवर हात ठेवून, डावी-उजवीकडे झुकत बेचा पाढा म्हणणं म्हणजे नाचातून गणित नाही. पाढ्याला त्या झुकण्याशी काही देणंघेणं नाही, आणि नाचाला पाढ्याशी नाही. मुलांना दोन्हींचा कंटाळा येतो. जिथे नाचाच्या पोटातच गणित असतं तिथे ते शोधावं. कथकातली तिहाई घ्या. एकच तुकडा तीनदा घ्यायचा आणि शेवटचा ठोका बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर आणायचा. तीनताल सोळा मात्रांचा. समेपासून सुरुवात केली तर पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा थांबायचं, पुन्हा पाच, पुन्हा एक थांबायचं, पुन्हा पाच. बेरीज सतरा. चौथीतला मुलगा विचारतो, 'ताल सोळाचा आहे ना, मग सतरा कसे?' त्याला टाळ्या वाजवून मोजू द्या. सतरावी मात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली, हे कळतं त्या क्षणी त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. मग तो स्वतः विचारतो की चारचा तुकडा घेतला तर मधे किती थांबावं लागेल. लेझीमच्या 'चार आवाज'मध्ये, टिपऱ्यांत, गोफ विणताना कोण आतून जाणार आणि कोण बाहेरून यात हेच आहे. आणि कधी कधी नाचात दुसरा कुठलाच विषय नसावा. नुसता नाच असावा. त्या दिवशी मुलं जे शिकतात ते मला नोंदवहीत लिहिता येत नाही, पण दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांची एकमेकांशी वागणूक बदललेली दिसते.

हा विचार नवा नाही. १९१९ मध्ये सिल्हेटला मणिपुरी नृत्य पाहून रवींद्रनाथ ठाकूर भारावले आणि त्यांनी शांतिनिकेतनात मणिपुरी शिकवणारे गुरू आणले. घरंदाज मुलांनी नाचणं ज्या काळी कमीपणाचं मानलं जाई, त्या काळी त्यांनी नाच शिक्षणात आणला. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा मूल जिथे आणि जसं आहे तिथून शिक्षण सुरू केलं. युरोपातून इंग्लंडमध्ये आलेल्या रुडॉल्फ लाबान यांनी १९४८ साली शाळेतल्या नृत्यावर पुस्तक लिहिलं. बसवलेल्या स्टेपची नक्कल करायला लावण्यापेक्षा मुलाला शरीर, जागा, वेग आणि जोर यांचा स्वतः शोध घेऊ द्यावा, हा त्यांचा आग्रह होता. आज इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठीही नृत्य आहे. न्यूझीलंडमध्ये ते कलाशिक्षणाच्या चार शाखांपैकी एक आहे.

आणि पुण्याला तर बाहेर बघायचीही गरज नाही. रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये इथे नृत्यभारती सुरू केली, तेव्हापासून या शहरात कथक शिकलेल्यांच्या पिढ्या आहेत. विद्यापीठात १९८७ पासून ललित कला केंद्र आहे, तिथे नृत्यात पदवी मिळते. सेनापती बापट रस्त्यावर बालभारती आहे, जिथे सगळ्या राज्याची पुस्तकं घडतात. कुमठेकर रस्त्यावर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आहे, जिथून शिक्षकांची प्रशिक्षणं ठरतात. पाच-सहा किलोमीटरच्या आत हे सगळं आहे. नाच जाणणारे आणि शाळा चालवणारे एका टेबलाशी बसले तर महाराष्ट्रभरच्या वर्गांचा प्रश्न या एका शहरातून सुटू शकतो.

आता आक्षेपांकडे येते. पहिला नेहमीचा, वेळ कुठून आणायचा? शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन हवं. रोज वीस मिनिटं म्हणजे वर्षाला सुमारे ६७ तास, बाराव्या हिश्शाइतके. आणि हे तास गणित-भाषेतून तोडलेले नाहीत, त्यातले निम्मेअधिक गणित-भाषेचेच आहेत. शिवाय जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी. आमच्या वर्गातली मुलं रिक्षातून येतात, रिक्षातून जातात आणि घरी दोन खोल्यांत फोन घेऊन बसतात. त्यांची ती साठ मिनिटं कुठे होणार?

जागा नाही म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की पेठांतल्या शाळांना मैदान नसतं हे खरं, म्हणूनच वर्गातल्या नाचाची गरज त्यांना सर्वांत जास्त आहे. बाक सरकवायला पहिल्या आठवड्यात बारा मिनिटं लागतात. महिनाभराने तीन पुरतात.

'आम्हाला नाच येत नाही' हे शिक्षकांचं म्हणणं मात्र मी गंभीरपणे घेते. मलाही येत नव्हता. पहिल्या दिवशी मी मुलांसमोर हात वर केला तेव्हा माझे कान तापले होते. आपल्या डी.एड.मध्ये या गोष्टीला नावापुरती जागा असते. कायद्यानेही कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक दिला तो सहावी ते आठवीला, तोही शंभरापेक्षा जास्त मुलं असतील तिथे. पहिली ते चौथीत वर्गशिक्षकाखेरीज कुणी नाही. पण माझ्या मते हे चांगलंच आहे. कुठल्या मुलाचा हात धरायला कुणी तयार होत नाही, कुणाच्या घरी काल भांडण झालं, कोण गर्दीत घाबरतं, हे आठवड्यातून एकदा येणाऱ्या नृत्यशिक्षकाला कळणार नाही. ते वर्गशिक्षकाला कळतं. त्याला उत्तम नाचता यायला नको. ठेका धरता यायला हवा, चांगली सूचना देता यायला हवी आणि मुलांकडे बघता यायला हवं. पायाला कॅलिपर असलेला एक मुलगा माझ्या वर्गात होता. 'आज सगळा नाच कमरेच्या वरचा' एवढी एक सूचना बदलली की तो वर्गातला सगळ्यात चांगला नाचणारा ठरायचा.

सगळ्यात खोल आक्षेप कुणी उघड बोलत नाही. नाच या शब्दाभोवतीच आपल्या समाजाने लाज गुंडाळून ठेवली आहे. 'नाच्या' ही आपल्याकडे शिवी आहे. ज्या समाजांनी तमाशा, हलगी, वाघ्या-मुरळी, पोतराज ही परंपरा अंगावर वाहिली त्यांना आपण माणूस म्हणून मान दिला नाही, आणि त्यांची कला मात्र गॅदरिंगला चमकीचे ड्रेस घालून वापरली. वर्गात फेर धरायला सुरुवात केली त्या वर्षी, मी 'घरी कोण नाचतं, कोण वाजवतं' असं विचारलं. मंगळागौर आली, भोंडला आला, भजनी मंडळ आलं. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा गप्प होता. मधल्या सुट्टीत जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, 'माझे आजोबा हलगी वाजवतात. पण सांगू नका.' आठवडाभराने त्याच्या आजोबांना मी शाळेत बोलावलं. ते दारातच उभे राहिले, खुर्चीवर बसेनात. मग त्यांनी कागद पेटवून हलगी शेकली, तिच्या कातड्याला ताण आला की नाही ते बोटाने वाजवून पाहिलं आणि पहिली थाप मारली. चाळीस मुलं एकदम उठली. कुणाला सांगावं लागलं नाही. तो मुलगा आजोबांच्या शेजारी उभा राहून सगळ्यांना दाखवत होता, बारीक काडी कुठे मारायची आणि जाड टिपरू कुठे.

शाळेने मान दिल्याशिवाय ही लाज जाणार नाही. दुसऱ्या बाजूला, कथक-भरतनाट्यमच्या क्लासची फी ज्यांना परवडते त्यांच्या मुलांना त्या परीक्षा दिल्या की दहावीला वाढीव गुणही मिळतात. मला त्याबद्दल तक्रार नाही, मेहनतीचं चीज व्हावं. पण मग ज्यांना क्लास परवडत नाही त्यांच्या वाट्याला शाळेतला नाच तरी यायला नको का?

मुलगे नाचत नाहीत, असंही काही पालक सांगतात. विसर्जनाच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढे रात्रभर कोण नाचतं? मुलगेच. त्यांच्या अंगात नाच आहे, त्यांना तो कुणी शिकवलेला नाही. पावसाळ्यात नदीकाठी ढोल-ताशा पथकांच्या सरावाला जाणारी मोठी मुलं-मुली बघा, तालाने त्यांना किती शिस्त लागते. पालख्या नाना पेठेत आणि भवानी पेठेत मुक्कामाला येतात तेव्हा पुरुष फुगडी घालतात, पावली खेळतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. दुसरीतल्या मुलाला आपण ही पावली शिकवली, तर पंधराव्या वर्षी त्याच्याजवळ स्पीकरच्या धक्क्याखेरीज दुसरं काहीतरी असेल.

म्हणून मागण्या अगदी साध्या आहेत. शिक्षकांचं प्रशिक्षण सभागृहात, चपला काढून, स्वतः नाचून व्हावं, मोबाईलवरची चित्रफीत बघून नको. नृत्यात पदवी घेतलेल्या तरुण मुला-मुलींना केंद्रागणिक, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या प्रत्येक गटासाठी नेमावं, त्यांनी मुलांऐवजी शिक्षकांना तयार करावं. वेळापत्रकात 'कला' असा मोघम शब्द न लिहिता 'नाच' लिहावं, म्हणजे ती तासिका गणिताची राहिलेली उदाहरणं सोडवायला जाणार नाही. आणि चौथीपर्यंत स्टेजवर निवडक मुलांचा नाच बंद करावा. नाचायचं तर अख्ख्या वर्गाने.

आमच्या शाळेत या वर्षी गॅदरिंगला पहिली ते चौथीचे नाच बसवले नाहीत. पालकांना चिठ्ठी दिली की शनिवारी सकाळी वर्गात या, बसायला खुर्च्या नाहीत, बाक सरकवायला मदत लागेल. अकरा जण आले. पर्वतीकडे तोंड करून मुलं उभी राहिली. दोन वडील आणि एक आजी, चपला दाराबाहेर ठेवून, मोकळ्या राहिलेल्या फरश्यांवर जाऊन उभे राहिले. पाऊण गिरकीला आजी चुकल्या. त्यांच्या नातीने खांद्याला धरून त्यांना नीट कॅम्पकडे वळवलं.